गोष्ट पंचवटीची, बाज पाच: नाशिकमधल्या एका कार्यक्रमाचं प्रकरण

रामकथेतला पंचवटीचा भाग भजन, कीर्तन, जात्यावरची ओवी, थाळीकथा (काशाच्या थाळीच्या सुरावर सांगितलेली कथा) आणि मेटल (रॉकमधला जड, आक्रमक प्रकार) अशा पाच बाजांतून एका संध्याकाळी सादर करायचा, असं आम्ही काही जणांनी नाशकात ठरवलं. ठरल्यापासून सादर होईपर्यंत अकरा आठवडे गेले. मी संगीत शिकवते. संयोजन माझ्याकडे होतं, त्यामुळे यातले चुकलेले निर्णयही बरेचसे माझेच आहेत. माणसांची आणि मंडळांची नावं, तसंच ओळख पटेल अशा खुणा काढून टाकल्या आहेत.

पार्श्वभूमी

नाशकात रामायण पत्ता विचारतानाही भेटतं. रिक्षावाला "सीतागुंफेपाशी सोडू का?" म्हणतो. तपोवनात लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून गावाचं नाव नाशिक, हे शाळकरी पोरही सांगतं. नऊ शिखरांवर वसलेलं म्हणून नाशिक, अशीही एक व्युत्पत्ती आहे, पण लोकांच्या तोंडी नाकाचीच गोष्ट. इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेदला गेलात तर जटायू इथे पडला म्हणून जागा दाखवतात. रामनवमीनंतर दोन दिवसांनी, कामदा एकादशीला, पंचवटीतून श्रीरामरथ आणि गरुडरथ निघतात आणि गाव रस्त्यावर येतं.

गाण्याचा धागाही जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी पंचवटीत रामनाम आधार आश्रम काढला होता. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली नाशकातच जन्मले, आणि त्यांची भजनं आजही इथल्या घरांत सकाळी लागतात. शहराबाहेर पश्चिमेला निघालं की बाज बदलतो. पेठ-सुरगाण्याकडे बोहाड्यात मुखवटे घालून देव-राक्षस नाचतात. तिथेच थाळीवर रात्ररात्र कथा लावणारे आहेत, आणि त्यांची रामकथा आपल्या पोथीतल्यापेक्षा वेगळी वळणं घेते.

आणखी एक पार्श्वभूमी आहे. तिच्याकडे सुरुवातीला माझं लक्ष नव्हतं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली पंचवटीतल्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठीचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. नाशकातल्या कित्येक घरांत काळाराम म्हटलं की आधी तो बंद दरवाजा आठवतो.

कार्यक्रम रामनवमी आणि एकादशी यांच्या मधल्या दिवशी, दशमीला ठेवला. पंचवटीतलं बायकांचं एक भजनी मंडळ होतं, एक कीर्तनकार बुवा होते, सुरगाणा तालुक्यातले थाळीवर कथा सांगणारे काका होते, संबळ वाजवणारा एक गोंधळी होता आणि कॉलेजातल्या चार मुलांचा, एका मुलीचा मेटल बँड होता. जात्यावरच्या ओव्या भजनी मंडळातल्याच एक वयस्क मावशी म्हणणार होत्या. खर्चाचा मोठा वाटा एका स्थानिक देणगीदारांनी उचलायचं कबूल केलं होतं.

अडचण

पहिली तालीम एका जुन्या तालमीच्या हॉलमध्ये झाली. बँडने सर्वांना ठाऊक असलेलं एक रामभजन घेतलं होतं. चाल तीच, खाली मुद्दाम खरखरीत केलेल्या आवाजाची गिटार, दोन्ही पायांनी वाजणारा बास ड्रम, आणि रामनाम घशातून खरवडून काढलेलं. मंडळाच्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मावशींनी तळहात फरशीवर टेकवला, थरथर जाणवत होती. गाणं संपल्यावर त्या उठल्या आणि चपला घालताना म्हणाल्या, "बाई, ओरडून नाव घेतलं म्हणून मला राग नाही. नावाला श्वासच ठेवला नाही पोरांनी."

मंडळ निघून गेलं. मुलं हिरमुसली. त्यांच्या मते त्यांनी परंपरेला आदरच दिला होता, म्हणूनच तर भजन घेतलं.

आता मागे वळून पाहते तेव्हा वाटतं की मावशींनी तिथेच निदान केलं होतं. भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत नाव घेऊन झालं की एक मोकळी जागा येते. तिथे झांज वाजते आणि पाठीमागचे ओळ उचलतात. भजन म्हणजे एकाने द्यायचं आणि सगळ्यांनी परत करायचं. बँडने ती परत करण्याची जागाच ड्रमने भरून टाकली होती. पण ते मला त्या दिवशी कळलं नाही. मला वाटलं आवाज जास्त झाला, आणि मी ध्वनियंत्रणेवाल्याला फोन केला.

दुसरी अडचण आठवडाभराने आली. बँडमधली गायिका मला एकटीच भेटायला आली. तिचे पणजोबा १९३० च्या सत्याग्रहात होते. ती म्हणाली, "मॅडम, मी गाईन. गोष्ट मला आवडते. पण शेवटी सगळ्यांनी मिळून जे भजन म्हणायचं ठरवलंय, त्यात मी नाही. आमच्या घरी ते ओठांवर येत नाही." मी गप्प बसले. सगळे बाज शेवटी एका भजनात मिळतात, हीच तर माझी आवडती कल्पना होती. पत्रिकेच्या मसुद्यातही ती ओळ होती.

जाताना तिने विचारलं, "शूर्पणखेचं कुणी गातंय का?" कुणीच गात नव्हतं.

समोर असलेले पर्याय

बँड वगळावा, असं सुचवणारे बरेच होते. कार्यक्रम निर्विघ्न झाला असता, देणगीही राहिली असती. पण मग तो दरवर्षी होतो तसाच कार्यक्रम झाला असता आणि त्यासाठी अकरा आठवडे खर्च करायचं कारण नव्हतं.

दोन वेगळे दिवस करणं हा दुसरा मार्ग होता. रामनवमीला पारंपरिक आणि पुढच्या महिन्यात तरुणांचं. व्यवहार म्हणून ठीक, पण एकाने दुसऱ्याचं ऐकण्याचा प्रसंगच येणार नव्हता.

बँडला मागे ठेवावं, म्हणजे भजनाच्या पाठीशी हलकी गिटार आणि मऊ ड्रम, अशी तडजोड खुद्द मी सुचवली होती. यातून कुणाचंच गाणं धड होत नाही, हे आता ठामपणे सांगू शकते. भजन बेचव होतं आणि मेटल लाचार.

चौथा पर्याय बुवांनी अगदी सहज सुचवला. आम्ही कीर्तनाच्या वेळेबद्दल बोलत होतो. ते म्हणाले, "तुम्ही चाली वाटताय. कथा वाटा ना. पूर्वरंगात मी आख्यान लावत नाही आणि उत्तररंगात निरूपण ताणत नाही. प्रत्येकाला आपली जागा असते." कीर्तनाच्या पूर्वार्धात, पूर्वरंगात, निरूपण असतं आणि उत्तरार्धात, उत्तररंगात, कथेचं आख्यान. म्हणजे एकच गाणं पाच प्रकारे म्हणायचं नाही. कथा एक ठेवायची, आणि तिच्यातला जो क्षण ज्या बाजाला पेलतो तो त्याला द्यायचा.

हा पर्याय घेतला. पण कुठला क्षण कुणाचा, हे बसल्या जागी ठरवता येईना. म्हणून आधी ऐकायला बसायचं ठरलं.

काय केलं

दोन रविवार सगळ्यांना एकत्र बसवलं, वाद्यं न घेता. बुवा, मंडळातल्या तिघी, बँड, आणि दुसऱ्या रविवारी काकाही. मी ऑर्फियसची गोष्ट निवडली होती, मुद्दाम आपली नसलेली, म्हणजे कुणाला दुखायचं काम नाही. ग्रीक पुराणातला हा गायक मेलेल्या बायकोला आणायला पाताळात उतरतो, गाण्याने तिथल्या राजाला पाझर फोडतो, आणि परतीच्या वाटेवर मागे वळून पाहू नकोस ही अट मोडून तिला कायमची गमावतो. संगीतकार माँतेवेर्दीने १६०७ मध्ये यावर ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, केला, ऑपेरा हा प्रकारच तेव्हा बाल्यावस्थेत होता. ग्लुकने १७६२ मध्ये पुन्हा केला. १८५८ मध्ये ओफेनबाखने त्याच गोष्टीची टर उडवली आणि त्यातलं नाचाचं संगीत जगभर गेलं.

ग्लुकच्या ऑर्फियसचा विलाप लावला. तो मेजर स्वरांत आहे, म्हणजे आपल्या कानाला बिलावलच्या जवळचा. बुवा दचकले. "शुद्ध स्वरांत रडतोय हा?" पुन्हा लावायला सांगितलं आणि दुसऱ्यांदा ऐकताना डोळे मिटून घेतले. मग म्हणाले की आवरून धरलेल्या माणसाचं रडणं असंच असतं. बँडच्या ड्रमरने विचारलं, मग मेटलमध्ये राग सोडून दुसरं काय गाता येईल? त्या प्रश्नावर अर्धा तास गेला. माझ्या मते त्या दोन रविवारांतला हा सगळ्यात कामाचा अर्धा तास.

मेटलवाल्यांना पुराण नवं नाही, हे मंडळातल्या बायकांना तिथे पहिल्यांदा कळलं. लेड झेपेलिनने १९७० मध्येच नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या, पुराणातलं व्हल्हाला हे वीरांचं स्वर्गस्थान रॉकमध्ये आणलं. पुढे उत्तर युरोपातल्या बँडांनी ओडिन आणि थोर या तिथल्या देवांवर अल्बमच्या अल्बम केले. सिंगापूरचा रुद्र हा बँड १९९० च्या दशकापासून वैदिक आणि संस्कृत वाङ्मय डेथ मेटल या मेटलच्या आणखी उग्र प्रकारात आणतोय. गिटारवादकाने वाग्नरचं उदाहरण दिलं. 'रिंग' ही त्याची चार ऑपेरांची मालिका १८७६ मध्ये बायरॉइटला पहिल्यांदा सलग झाली. जर्मन-नॉर्स पुराणांवरच्या त्या कामात माणसांना, वस्तूंना, भावनांना स्वतःची छोटी स्वराकृती आहे. ती परत आली की रंगमंचावर नसलेली गोष्टही आठवते. एक मावशी पटकन म्हणाल्या, "आमच्या भजनात धृपद येतं तसं." अगदी तसं नाही, पण मूळ गरज तीच. तिथल्या तिथे ठरलं की संबळाचा एक तुकडा सगळ्या भागांतून फिरेल.

दुसऱ्या रविवारी काकांनी थाळी काढली. काशाची थाळी, मधोमध मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली बारीक लांब काडी. चिमटीत धरून बोटं काडीवरून वरून खाली सरकवत राहायची. काडीतली थरथर मेणातून थाळीत उतरते आणि थाळी गुणगुणू लागते. भुंगा बंद खोलीत फिरावा तसा अखंड सूर, आणि त्यावर काका बोलल्यासारखं गातात. गिटारवादकाने सूर मोजणारा ट्यूनर जवळ धरला. काटा पांढरी पाच आणि काळी चार या पेटीच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या मध्येच डोलत राहिला. पेटीला हा सूर नाहीच.

"काका, थोडं वर घेता येईल का?" त्याने विचारलं.

"मी कसा घेऊ? ती बोलते तिथं बोलते," काका म्हणाले.

मग गिटारच्या सगळ्या तारा पाव सुराने खाली उतरल्या. पेटी त्या भागापुरती बंद ठेवायचं ठरलं. काळी चारमध्ये म्हणणाऱ्या बायकांनी केसभर खाली येऊन थाळीवरच भजन धरलं. पेटीशिवाय म्हणायला आधी घाबरल्या, दुसऱ्या कडव्याला सावरल्या. मी वीस वर्षं सूर शिकवते, पण सूर कुणी कुणाकडे जायचं हे इतकं उघड कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर वाटणी झाली. थाळीवर अरण्य. भजनात पर्णकुटीतले शांत दिवस. बँडकडे शूर्पणखा. कीर्तनात सोन्याचा हरीण, कारण मोहाची गोष्ट समजावत, हसवत, मध्येच थांबवत सांगायची तर कीर्तनासारखं दुसरं काही नाही. ओवीत सीता. आणि शेवटी बँड व संबळ मिळून जटायू.

ओवीबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या बायकांनी जात्यावर सीतेच्या वनवासाच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यांमध्ये जाऊन जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात सीतेच्या ओव्या ठळकपणे दिसतात. मावशींनी सांगितलं की ओवी बसून नुसती म्हणता येत नाही, हात फिरायला हवा. दम लागतो तिथे ओळ तुटते, आणि ती तूटच चाल आहे. म्हणून रंगमंचावर खरंच जातं आणलं, त्यात पसाभर ज्वारी घातली.

शूर्पणखेच्या गाण्याचे शब्द हा सगळ्यात नाजूक निर्णय होता. मुलांच्या पहिल्या खर्ड्यात रामावर सरळ आरोप होते. बुवांनी वाल्मीकी रामायणातला प्रसंग वाचून दाखवला. राम थट्टेने तिला लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण परत रामाकडे. ती चिडून सीतेवर धावते, आणि मग नाक-कान कापले जातात. गायिका म्हणाली, "म्हणजे थट्टा पोथीतच आहे, आम्ही घातलेली नाही." मावशी म्हणाल्या, "आहे. पण ती सीतेवर धावून गेली होती, तेही गा. अर्धं गाऊ नका." दोन्ही राहिलं. आरोप गेले, प्रसंग राहिला. अंतिम गाण्यातल्या चार ओळी अशा होत्या:

याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे,
हसत हसत धाडलीत मला.
मीही धावले जिच्या अंगावर
तिने काय केलं होतं माझं?

शेवटची ओळ गायिकेने स्वतः घातली. त्यानंतर मावशींचा तिच्याशी बोलण्याचा सूरच बदलला.

बँडची रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, फ्रिजियन मोड या पाश्चात्त्य स्वररचनेत होती. मावशी चहा घेता घेता त्यावर एक भजन गुणगुणू लागल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर भैरवी." स्वर खरोखरच तेच, रे ग ध नि कोमल. मुलांचा विश्वास बसेना. बुवांनी मात्र हरकत घेतली की भैरवी शेवटी म्हणायची, ती मध्येच कशी? दोन दिवस हा मुद्दा लोंबकळत राहिला. मग त्यांचाच फोन आला: "राहू दे भैरवी. पंचवटीतलं सुख तिथेच संपतं."

गाण्याची सुरुवात कशी करायची यावर मी त्यांना गुस्टाव्ह होल्स्टचा 'सावित्री' ऐकवला होता. महाभारतातल्या सावित्रीच्या कथेवरचा हा छोटा ऑपेरा १९१६ मध्ये लंडनला झाला. तीन पात्रं, बारा वादक. रंगमंचाबाहेरून, एकाही वाद्याविना, मृत्यूचा आवाज येतो आणि नाटक सुरू होतं. गायिकेने तेच उचललं. ती प्रेक्षकांच्या मागून, माइक न घेता, चालत येणार. घशातून खरवडलेला आवाज तिने शब्दांसाठी वापरायचा नाही, कारण मराठी शब्द त्यात विरून जातात. खरवड फक्त शब्द संपल्यावर.

शेवटचं सामूहिक भजन मी काढून टाकलं. मंडळाला वाईट वाटलं, आणि मी त्यांना कारण अर्धवट सांगितलं. गायिकेचं नाव पुढे येऊ नये म्हणून. मावशींना ते आपोआप कळलं असावं. त्यांनी परत विचारलं नाही.

कार्यक्रमाला बारा दिवस उरले असताना पत्रिका छापून आली आणि देणगीदारांना शूर्पणखेचा उल्लेख दिसला. त्यांचा फोन आला. रामनवमीच्या दिवसांत राक्षसीची बाजू नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ते चिडले नव्हते, दुखावले होते. मी शब्द वाचून दाखवले, बुवाही बोलले. त्यांनी अर्धी रक्कम दिली आणि नाव काढायला सांगितलं. मोठं सभागृह सोडावं लागलं. एका वाड्याचं अंगण मिळालं. भाड्याची ध्वनियंत्रणा अर्ध्यावर आणली. होल्स्टचे बारा वादक तेव्हा आमच्या धीराचे झाले.

निकाल

अंगणात दोनशेच्या आसपास माणसं आली. शूर्पणखेच्या वेळी सात-आठ जण उठून गेले, त्यांतले दोघे दारात थांबून शेवटपर्यंत ऐकत राहिले. गायिका मागून आली तेव्हा लोकांनी आधी वळून पाहिलं, कुणीतरी "बसा बसा" म्हणालं. पहिली ओळ संपेपर्यंत अंगण शांत झालं.

मेटलसाठी आलेली कॉलेजची मुलं कीर्तनाला बसून राहिली, आणि सोन्याच्या हरणापाशी बुवांनी मोबाइलच्या जाहिरातीचा दाखला दिला तेव्हा मनापासून हसली. ओवीच्या वेळी जात्याची घरघर माइकमधून आली. शेजारच्या घरातल्या एक आजी गॅलरीत येऊन मावशींच्या मागोमाग ओळ म्हणत होत्या. हे आमच्या आराखड्यात नव्हतं.

जटायूच्या भागात ड्रमरने मला शिकवलं. त्याला वेग हवा होता, मारामारी हवी होती. आयत्या वेळी त्याने पंख तुटल्यानंतरचा भाग जवळजवळ रिकामा सोडला. नुसता संबळाचा तो तुकडा, हळू हळू, आणि गिटारचा एक सूर खाली घसरत जाणारा. पहिल्या तालमीत मावशींनी जो श्वास मागितला होता, तो इथे होता. त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, तळहात मांडीवर उलटा ठेवून.

आता न जमलेलं. थाळी ऐकू गेली नाही. काकांचा भाग पहिला होता, लोक येत होते, खुर्च्या सरकत होत्या. माइक गाण्याचा होता आणि काकांच्या तोंडापाशी लावला होता, थाळीपाशी नाही. ज्या सुरावर आम्ही अख्खी गिटार उतरवली, तो सूर चौथ्या रांगेपलीकडे पोचला नाही. काकांनी तक्रार केली नाही, थाळी फडक्यात गुंडाळली आणि शेवटच्या एसटीची चौकशी केली. मुक्कामाची सोय मी केली होती, पण त्यांना आधी सांगायला विसरले होते.

पुन्हा करायचं झालं तर

थाळी सुरुवातीला ठेवणार नाही. कथेच्या क्रमाने अरण्य आधी येतं हे खरं, पण रात्र चढल्यावर, लोक स्थिरावल्यावर वाजणारं वाद्य संध्याकाळी सहाला वाजवायला लावणं हा त्या बाजावर अन्याय होता. काकांच्या गावात कथा रात्री लागते. एवढं साधं मी विचारलं नाही. थाळीसाठी कडेपासून वीतभर अंतरावर वेगळा माइक, आणि थाळी सावलीत, म्हणजे चैत्रातल्या उन्हात मेण मऊ पडून काडी हलणार नाही.

मानधनाचा हिशोब नंतर मांडला तेव्हा मला लाज वाटली. काकांना दिलेली रक्कम ड्रम किटच्या भाड्यापेक्षा कमी होती. भाडं ठरलेलं असतं, ते मागतात. काकांनी मागितलं नाही, मी ठरवलं. पुढच्या वेळी कलाकारांचे आकडे आधी लिहायचे आणि उरलेल्या पैशांत यंत्रणा आणायची.

देणगीदारांना मी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. मला वाटलं गाणं तयार झालं की ऐकवू, ऐकलं की पटेल. पण त्यांना पत्रिकेतून कळलं, म्हणजे लपवलं असंच झालं. आधी सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी तेव्हाच नकार दिला असता. तरी सभागृह ठरवण्याआधी कळलं असतं, आणि त्यांच्या मनात फसवल्याची सल राहिली नसती. त्यांच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही.

पहिली तालीम गाण्याची घेतली, ऐकण्याची आधी घ्यायला हवी होती. दोन रविवार सुरुवातीलाच ठेवले असते तर मावशींना उठून जावं लागलं नसतं. आणि एखाद्याला कुठलं गाणं ओठांवर आणता येत नाही, हे पत्रिकेचा मसुदा करण्याआधी प्रत्येकाला एकट्याने विचारायला हवं. गायिकेने धीर केला म्हणून कळलं.

सामूहिक शेवट काढल्याचं मात्र मला वाईट वाटत नाही. मंडळातल्या काहींना अजून वाटतं की कार्यक्रम अर्धवट संपला. ते त्यांचं खरं आहे. त्या रात्री जटायूनंतर कुणीच काही बोललं नाही, टाळ्याही उशिरा आल्या. मग मावशींनी आपल्या जागेवर बसूनच एक भजन हलकेच सुरू केलं, ज्यांना म्हणायचं होतं त्यांनी धरलं. गायिका जात्यापाशी बसून सांडलेली ज्वारी गोळा करत होती.

यंदा कार्तिकात आम्ही काकांच्या गावी जाणार आहोत, त्यांची कथा रात्रभर ऐकायला. मावशींनी विचारलंय की जातं न्यायचं का. काका म्हणाले, तिथे आहे.